वादग्रस्त बेटाचे कमांडर

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतो? नोकरी कुठे, मासेबिसे करणार का, पाहुण्यांची ये-जा किती. आमच्या घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "सिस्टर, नजर कशी आहे?"

मी तेव्हा क्राइस्टचर्चला नर्स म्हणून नुकतीच लागले होते आणि हॉर्नबीत त्यांच्या घरामागची एक खोली बघायला गेले होते. मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, मोतीबिंदूची चौकशी करायची असेल. मी विचारलं, "तुमच्या डोळ्यांना काय होतंय, काका?"

"माझ्या नाही, तुमच्या," ते म्हणाले, आणि मला अंगणात घेऊन गेले. तिथल्या खडीत त्यांनी एक स्क्रू टाकून ठेवला होता. तो मी उभ्या उभ्या, न वाकता शोधून दाखवायचा होता. मी दाखवला. काका खूश झाले. "पास! खोली तुमची. अट एकच, दर रविवारी सकाळी फॉड वॉकला यायचं."

मला वाटलं, इथे लोक कशाकशासाठी चालतात, त्यातलाच हाही एखादा पुण्यकर्माचा कार्यक्रम असेल. मी आनंदाने हो म्हटलं. मागून काकू मला हळूच म्हणाल्या, "अगं, विचार तरी करायचास."

काका भारतीय विमानदलातून निवृत्त झालेले. मुलाने आईवडिलांना हौसेने न्यूझीलंडला आणलं आणि मग स्वतः ऑस्ट्रेलियाला निघून गेला. इथली ती रीतच आहे. मागे राहिलं घर, घरात काका-काकू, आणि काकांच्या अंगातलं विमानदल.

विमानदलात होते म्हटलं की समोरच्याला वाटे, पायलट. काका दोन वाक्यं तसं वाटू देत, तिसऱ्या वाक्याला स्वतःच सांगून टाकत, "मी रनवे सांभाळायचो." धावपट्टीवर पडलेला खडा, खिळा, नट, कसलीही परकी वस्तू म्हणजे फॉड. ती इंजिनात गेली की इंजिन गेलं. म्हणून रोज सकाळी सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एका रांगेत, खाली बघत, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि सापडेल ते उचलायचं. काकांनी उभी नोकरी हे केलं. "उडवायला कुणीही उडवेल, सिस्टर," ते म्हणत, "उतरायला जागा पाहिजे!" हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. एकदा तर टूथपेस्टच्या जाहिरातीवर म्हणाले होते.

नोकरीतली काही वर्षं त्यांनी एका दूरच्या बेटावरच्या तळावर काढली होती. त्या बेटाचं नाव ते सांगत नसत. "वादग्रस्त बेट आहे. याहून जास्त सांगता येणार नाही," असं म्हणून ते भिंतीकडे बघत, जणू भिंतीलाही सांगायची त्यांना चोरी होती. सहा महिने मी हे गुपित फार आदराने बाळगलं. मग एकदा भाजी निवडताना काकूंना विचारलं, की वाद नक्की कोणत्या देशाशी होता.

"देश?" काकू म्हणाल्या, "अगं, वाद होता खेकड्यांशी. पाऊस पडला की खेकडे रनवेवर यायचे. हे त्यांना हाकलायचे, ते परत यायचे. शेवटी यांची बदली झाली. खेकडे अजून तिथेच असतील."

काकांनी बाहेरून ऐकलं होतं. ते दारात येऊन म्हणाले, "खेकड्यांचा दावा जुना होता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं."

मी नाइट ड्यूटी करून सकाळी घरी आले की काका ड्राइव्हवेमध्ये उभे असत. डोक्याला माकडटोपी, माकडटोपीवर विमानदलाची जुनी टोपी, अंगावर भगभगीत केशरी जॅकेट, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि दोन्ही हातांत एकेक लाटणं. लाटण्यांना त्यांनी रेडियमचा रंग दिला होता. ती हलवत ते माझी छोटीशी गाडी एखादं प्रवासी विमान असावं तशी जागेवर लावून घेत. थोडं डावीकडे, थोडं पुढे, मग दोन्ही लाटणी डोक्यावर फुली करून, थांबा! शेजारपाजारचे लोक कुत्री फिरवायला निघालेले असत. ते म्हणत, "मॉर्निंग!" काका फुली न मोडता म्हणत, "किया ओरा!" काकू त्या दिवसांत पोळ्या बाटलीने लाटत.

पण मला सांगायचंय ते नदीतल्या बेटाबद्दल.

गावाबाहेर वायमाकारिरी नदी आहे. आपल्याकडच्या नदीसारखी ती एका पात्रातून वाहत नाही. गोट्यांच्या प्रचंड मैदानातून तिचे दहा-बारा फाटे वाहतात, आणि मधे बेटं तयार होतात. मोठं पाणी आलं की जुनी बेटं जातात, नवी येतात. असल्याच एका बेटावर काकांनी आपला विमानतळ काढला होता.

कारण काकांची एक इच्छा राहून गेली होती. दुसऱ्यांची विमानं उतरावीत म्हणून त्यांनी आयुष्यभर धावपट्टी झाडली. आता एकदा, एकदाच, स्वतःचं विमान स्वतःच्या धावपट्टीवर उतरवायचं होतं. विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, हलक्या लाकडाचं, हळदीसारखं पिवळं. गॅरेजमध्ये बसून त्यांनी ते वर्षभर जोडलं होतं. अशी विमानं उडवायला गावाबाहेर रीतसर मैदान आहे. पण ते मैदान दुसऱ्याचं, तिथली रनवे दुसरा झाडतो. काकांना ते चालणार नव्हतं.

उडवायचा सराव ते हॉलमधल्या कॉम्प्युटरवर करत. आतून धडाम् असा आवाज येई.

"पडलं का?" काकू स्वयंपाकघरातून विचारत.

"लँड झालं!"

"आवाज पडल्याचा आला."

तर दर रविवारी सकाळी आम्ही गमबूट घालून गुडघाभर पाण्यातून त्या बेटावर जायचो आणि फॉड वॉक करायचो. आता बेट कसलं, तर गोट्यांचं. त्याच्यावरचे खडे वेचायचे म्हणजे समुद्रातलं पाणी पुसून काढायचं. एक खडा उचलला की खालून दुसरा बघायचा. पण काकांनी चिकाटीने गोटे वेचले, वर काकूंच्या चाळणीने चाळलेली बारीक वाळू पसरली, आणि खरोखरच एक पट्टी तयार केली. तिच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवायला काठीवर काकूंचा भगवा परकर लावला. वारा आला की तो असा काही फुगे की काकूंनी त्या बेटावर पाऊल टाकायचंच नाकारलं. "माझी अब्रू तिथे काठीवर लटकतेय. मी येणार नाही."

एका रविवारी आम्ही गेलो तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी खांबावर एक गमबूट उलटा टांगलेला. काका थबकले.

"अतिक्रमण," ते म्हणाले.

गमबूट ग्रॅहमचा होता. ग्रॅहम म्हणजे सत्तरी ओलांडलेला, मेंढ्या पाळून निवृत्त झालेला, लालबुंद माणूस. तो तिथे सॅमन धरायला येई. त्याचं म्हणणं, त्याचे आजोबा याच बेटावर मासे धरत. काकांचं म्हणणं, आजोबांच्या वेळी हे बेटच नव्हतं, मागच्या पुरात आलंय ते. ग्रॅहम म्हणाला, "येह, नाह, मेट." काका म्हणाले, "नो मेट. स्टेशन कमांडर." नदीचं पात्र सरकारी आहे हे दोघांनाही पक्कं माहीत होतं, पण सरकार काही रविवारी सकाळी उठून तिथे येत नव्हतं.

वाटाघाटी झाल्या. दोन घडीच्या खुर्च्या प्रवाहाच्या मधोमध ठेवल्या, म्हणजे कुणीच दुसऱ्याच्या हद्दीत बसलेलं नाही. पाय पाण्यात. ग्रॅहमच्या बायकोचे स्कोन्स, काकूंचा चिवडा. चिवड्याने ग्रॅहमच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते काकांनी पश्चात्तापाचं धरलं. ठरलं असं, की बेटाच्या मधून दोरी बांधायची. इकडे विमानतळ, तिकडे मासेमारी. दोरीला आम्ही आमचे ओले टॉवेल वाळत घालायचो. पुढच्याच आठवड्यात ग्रॅहमने त्याचे मोजे घातले. वाद असे मिटत नाहीत, पण वाळतात.

विमान तयार झालं. पहिल्या उड्डाणाचा मुहूर्त ऑक्टोबरअखेरच्या लेबर वीकेंडचा, सुट्टीचा सोमवार. रिकार्टनच्या किराणा दुकानात जो जो मराठी माणूस दिसला, त्याला काकांनी आमंत्रण दिलं. "उड्डाण नाही," ते बजावत, "लँडिंग बघायला या." त्या दिवसांत काका अन्नावर नव्हते. मी ब्लडप्रेशर घेतलं तर म्हणाले, "हे माझं नाही, विमानाचं आहे."

मुहूर्ताच्या आधी पंधरा दिवस एक नवीनच लचांड झालं. फॉड वॉक चालू असताना एक छोटासा पक्षी, छातीवर दोन गडद पट्टे असलेला, काकांच्या पायाशी येऊन पडला. एक पंख लोंबत होता. फडफडत, लंगडत तो वाळूवरून सरपटायला लागला.

"इमर्जन्सी!" काका ओरडले. "सिस्टर, फर्स्ट एड!"

माझ्याकडे बुटांचा रिकामा खोका आणि बँडेज होतं. काका खोका घेऊन मागे धावले. पक्षी हाताला येतो न येतो तोच थोडा पुढे सरके. असं करत करत त्याने काकांना धावपट्टीवरून खाली, गोट्यांतून, पार पाण्यापर्यंत नेलं, आणि तिथे भुर्रकन उडून गेला. काका कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर खोका धरून. "रिकव्हरी झाली," ते दम खात म्हणाले. "चांगलं मशीन आहे."

दुसऱ्या रविवारी तेच. तसाच अपघात, तसाच पाठलाग, तसंच स्नान. मी नर्स, दोन्ही वेळा मी पेशंटच्या मागे खोका धरायला पळाले, आणि पेशंट ठणठणीत कसा होतो हे मला एकदाही सुचलं नाही. पलीकडे ग्रॅहम गळ टाकून शांत बसला होता. त्याला वाटलं, हा आमच्याकडचा व्यायाम आहे.

सोमवार उजाडला. पाचपन्नास माणसं पाणी ओलांडून आली. नवे कुर्ते, वर खोचलेल्या साड्या, हातात चपला. ज्या मुलांना मराठीत विचारलं ती इंग्रजीत म्हणत होती, की इथे स्विमिंग करायचंय तर टॉग्स, म्हणजे पोहायचे कपडे, का नाही आणले. आणि काकू आल्या. वड्यांचं पातेलं घेऊन, परकराकडे न बघता, पहिल्यांदाच बेटावर आल्या. काकांनी दोन वॉकी-टॉकी आणले होते. एक स्वतःकडे, एक काकूंच्या गळ्यात. पिवळं विमान वाळूवर उन्हात चमकत होतं.

"उड्डाणापूर्वी," काकांनी शिट्टी फुंकली, "शेवटचा फॉड वॉक!"

पाहुणे आधी हसले. मग खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून, सगळे रांगेत चालू लागले. कुणाला नाणं सापडलं, कुणाला मासे धरायचा गळ. काका रांगेच्या मधोमध होते. तेवढ्यात तो पक्षी आलाच. पंख लोंबवत, लंगडत, अगदी काकांच्या पुढ्यात.

"आज नाही गं बाई," काका कळवळून म्हणाले. "आज मला वेळ नाही." आणि पुढे वाकून त्यांनी धावपट्टीच्या मधला एक खडा उचलला. करडा, काळ्या ठिपक्यांचा. बादलीत टाकायला हात नेला आणि तसाच थांबवला.

"सिस्टर," ते म्हणाले, "हा गरम आहे."

मी हातात घेऊन बघितलं. सकाळच्या गारठ्यात सगळे गोटे बर्फासारखे होते आणि हा एकटा उबदार होता. काकांच्या बुटाच्या टोकाशी, वाळूतल्या बोटभर खळग्यात, तसलेच आणखी दोन होते.

"अहो, हलू नका!" काकू मागून ओरडल्या. "खडा नाही तो, अंडं आहे! आणि तिला काही लागलेलं नाही. आमच्याकडे रानात टिटवी हेच करते. मोडल्यासारखं करून तुम्हाला घरट्यापासून लांब नेतेय ती. पंधरा दिवस नेतेय!"

ग्रॅहम दोरीखालून वाकून आला, बघितलं आणि टोपी काढली. "डॉटरेल," तो म्हणाला. "दुर्मीळ झालीत आता ही पाखरं, मेट. त्यांना अशीच साफ वाळू लागते."

"म्हणजे बाळंतिणीची खोली तुम्हीच झाडून दिलीत," काकू म्हणाल्या.

काकांनी अंडं जिथलं तिथे ठेवलं. इतक्या हळू ठेवलं की मला माझ्या वॉर्डातली नवजात बाळं आठवली. मग ते ताठ उभे राहिले आणि पिवळ्या विमानाकडे बघत राहिले. शेवटी रिकार्टनचे एक दातांचे डॉक्टर म्हणाले, "काका, दोन मिनिटांचं तर काम आहे. एवढे लोक आलेत. एक फेरी मारून बाजूने उतरवा. तिला काय कळतंय?"

बाकीच्या सगळ्यांच्याही मनात तेच होतं. खरं सांगते, माझ्याही. वर्षभर त्या विमानाची एकेक पट्टी चिकटवताना मी त्यांना बघितलं होतं. मला रडू यायला लागलं होतं.

काकांनी वॉकी-टॉकी तोंडाशी नेला. "ऑल स्टेशन्स," ते म्हणाले. नजर त्या तीन अंड्यांवर होती. "रनवे बंद. रनवेवर विमान उभं आहे."

त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या काकूंनी आपलं बटण दाबलं. "समजलं. वडे गार होतायत. ओव्हर."

सगळे काठावर गेले. वडे संपले, ग्रॅहमने सात खाल्ले. तिकडे ती पक्षीण दोन-तीनदा इकडेतिकडे बघून चालत चालत गेली आणि रनवेच्या मधोमध बसली.

त्यानंतर दोन महिने त्या बेटावर जी शिस्त होती, ती खऱ्या तळावरही नसेल. धावपट्टीवर पाऊल टाकायला बंदी. खडा उचलायला बंदी. मधली दोरी सोडवून काका आणि ग्रॅहमनी ती घरट्याभोवती बांधली. तो एकच प्रश्न होता ज्यावर दोन्ही सत्तांचं एकमत झालं. आळीपाळीने पहारा सुरू झाला. कुत्रा आला की ग्रॅहम ओरडे, ससाणा घिरट्या घालायला लागला की काका लाटणी घेऊन काठाकाठाने नाचत. "शत्रूचं विमान! पूर्वेकडून!" पिल्लं निघाली तेव्हा दोघांनी थर्मासमधला चहा एकमेकांना पाजला. एक पिल्लू सीगलने नेलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत आणि लाटणी घेऊन ड्राइव्हवेत आले नाहीत. मी माझी गाडी माझी मीच लावली, वाकडी.

काळजी होती ती पाण्याची. नॉर-वेस्टर सुटला की इथे गरम वारा आणि निळं आकाश असतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी नदी येते. ख्रिसमसच्या आठवड्यात नेमका तो सुटला. पिल्लं अजून उडत नव्हती. आम्ही सगळे काठावर, काकू घरी शेजाऱ्यांना वाटायच्या फराळाच्या गडबडीत. फाट्यांना गढूळ रंग चढायला लागला होता.

"यांना उचलून आणूया का?" मी विचारलं.

"घाबरून पाण्यात पळतील," ग्रॅहम म्हणाला.

काकांनी काठीकडे बघितलं. परकर ताठ फुगला होता. तेवढ्यात एक पिल्लू धावपट्टीच्या टोकाला गेलं, परकराकडे तोंड करून वाऱ्यावर धावत सुटलं, आणि उचललं गेलं. गुडघ्याएवढं वर. मग माणसाएवढं. पाण्यावरून त्याने एक वेडीवाकडी फेरी मारली, आम्हाला वाटलं गेलं, पडलं आता. आणि ते वळलं, परत आलं आणि काकांच्या धावपट्टीवर उतरलं. एकदा उसळलं, दोनदा उसळलं, बसलं. त्याच्या मागून दुसऱ्यानेही तेच केलं.

काकांनी खाडकन सॅल्यूट केला. जँडल्समध्ये टाचा वाजत नाहीत, पण त्यांनी वाजवल्या. मग वॉकी-टॉकी घेतला. घर तिथून कितीतरी लांब, तिथपर्यंत त्याचा आवाज पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून मी गुपचूप काकूंना फोन लावला आणि काकांच्या तोंडासमोर धरला.

"लँड झालं," काका म्हणाले.

"पडलं का?" फोनमधून काकू म्हणाल्या.

"नाही गं. लँड झालं. खरंच लँड झालं." आणि मग माकडटोपी खाली ओढून त्यांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोठं पाणी आलं. पक्षी पलीकडच्या उंच काठावर गेले होते. बेट गेलं, धावपट्टी गेली, परकर आणि गमबूट एकत्रच पॅसिफिककडे रवाना झाले. "शोभतं का हे!" एवढंच काकू म्हणाल्या. पाणी ओसरल्यावर थोडं खाली नवीन बेट दिसलं, आणि ते कुणाचं यावरून दोघांचं भांडण पहिल्याच दिवशी सुरू झालं.

मी आता ऑकलंडला असते. पिवळं विमान अजून हॉर्नबीच्या गॅरेजमध्ये छताला टांगलेलं आहे, कधीही न उडालेलं. फोनवर मी एकदा विचारलं, "काका, आता तरी उडवायचं ना?" ते म्हणाले, "नव्या बेटावरची रनवे मोकळी होऊ दे, सिस्टर. यंदा नऊ घरटी आहेत."

हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये चालताना माझी नजर अजून खालीच असते. ड्यूटीवरून येता-जाता खडे उचलते, लोक बघतात. पण कचऱ्यात टाकायच्या आधी मी प्रत्येक खडा क्षणभर मुठीत धरते, गरम आहे का बघायला.